संख्येनं वेस ओलांडली की

लिनक्स संगणकावर 'लिबएम' नावाची सी भाषेतली एक लायब्ररी असते. वर्गमूळ, साइन, कोसाइन, लॉगॅरिदम असली गणितं करणारी फंक्शन्स तिच्यात असतात. पायथनमधल्या 'सीटाइप्स' या मॉड्यूलनं ही लायब्ररी थेट उघडता येते. ती उघडा आणि तिच्यातल्या वर्गमूळाच्या फंक्शनला २.० ही संख्या द्या. पायथन लगेच अडतो: ही संख्या पलीकडे कशी न्यायची ते मला ठाऊक नाही, असं सांगतो. मग आपण त्याला कळवायचं, की हे फंक्शन 'डबल' घेतं, म्हणजे ६४ बिट्समध्ये बसवलेली दशांश संख्या. आता तो अडत नाही. उत्तरही येतं. पण ते १.४१४२ नसतं. कुठला तरी भलताच पूर्णांक समोर येतो आणि त्याचा दोनाच्या वर्गमूळाशी काडीचाही संबंध नसतो.

खरी गंमत पुढे आहे. लिबएमनं गणित चोख केलेलं असतं. इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांवर असा करार आहे, की दशांश उत्तर 'एक्सएमएम०' नावाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या जागेत, ठेवायचं आणि पूर्णांक उत्तर 'आरएएक्स' नावाच्या. फंक्शननं दोनाचं वर्गमूळ काढलं आणि कराराप्रमाणे एक्सएमएम०मध्ये ठेवलं. पण उत्तर कुठल्या प्रकारचं असेल हे आपण सांगितलेलं नव्हतं. अशा वेळी सीटाइप्स उत्तर पूर्णांक धरून चालतं. त्यानं आरएएक्समध्ये पाहिलं. तिथे आधीच्या कुठल्याशा कामाचं उरलंसुरलं काहीतरी पडलेलं होतं. तेच उचलून त्यानं आपल्या हातात दिलं. बरोबर उत्तर त्याच प्रोसेसरमध्ये, शेजारच्या रजिस्टरमध्ये तयार होतं. 'उत्तरही डबलच आहे' एवढी एक ओळ लिहिली, की १.४१४२१३५६२३७३०९५१ मिळतं.

यंत्रात संख्या म्हणून काही नसतंच. असतात फक्त बिट्स आणि ते कसे वाचायचे याचा करार. १.० ही संख्या डबल म्हणून मेमरीत ठेवली, तर ६४ शून्य-एकांची एक ओळ तयार होते. त्याच ओळीतला एकही बिट न हलवता ती पूर्णांक म्हणून वाचली, तर ४६०७१८२४१८८०००१७४०८ हा एकोणीस आकडी पूर्णांक निघतो. दोन्ही वाचनं आपापल्या करारात शंभर टक्के बरोबर. बिट्सकडे पाहून कुठलं वाचन अभिप्रेत होतं ते कुणालाच सांगता येणार नाही.

सी भाषेत हा करार हेडर फाइलमध्ये लिहिलेला असतो: हे फंक्शन डबल घेतं आणि डबल देतं. कम्पायलर ती ओळ वाचतो आणि त्याबरहुकूम यंत्राच्या सूचना तयार करतो. एकदा लायब्ररी तयार झाली, की तिच्या यादीत फंक्शनचं नाव आणि पत्ता उरतो. ते काय घेतं, काय देतं हे त्या यादीत नसतं. त्यामुळे पायथन, पर्ल, रुबी, लुआ यांसारखी स्क्रिप्टिंग भाषा सीच्या वेशीवर येते तेव्हा तिला नुसतं नाव दिसतं. करार पुन्हा कुणीतरी सांगावा लागतो. हे काम करणाऱ्या मधल्या प्रोग्रॅमला 'रॅपर' म्हणतात.

असे रॅपर हातानं लिहिणं फार कंटाळवाणं असतं. अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत डेव्हिड बीझली रेणूंच्या हालचालींचं प्रचंड गणित समांतर संगणकांवर करत होते. मूळ प्रोग्रॅम सीमध्ये, पण तो चालवायला, मधेच थांबवून डोकावायला, पुन्हा सुरू करायला सोपी भाषा हवी होती. त्यातून १९९५मध्ये 'स्विग' जन्मलं आणि १९९६मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. स्विग सीमधल्या घोषणा वाचतं आणि टीसीएल, पर्ल, पायथन अशा भाषांसाठी मधला सगळा कोड स्वतः लिहून देतं. जो करार कम्पायलर वाचून विसरत होता, तो स्विगनं दुसऱ्यांदा वाचला. पुढे फोर्ट्रानसाठी 'एफटूपाय' आलं, 'सायथन' आलं, 'सीएफएफआय' आलं. आज पायथनमध्ये विज्ञानाचं जे काही गणित होतं, त्यातलं जड काम बहुतेक वेळा सी किंवा फोर्ट्रानमध्ये होतं आणि प्रत्येक संख्या अशा एखाद्या वेशीतून येते-जाते.

वेशीच्या अलीकडे काय आहे ते पाहिलं, की या कामातली खरी अडचण कळते. प्रत्येक भाषेनं 'संख्या म्हणजे काय' याचं उत्तर स्वतःपुरतं, आणि वेगळं, दिलेलं आहे.

पायथनचा पूर्णांक कितीही मोठा होऊ शकतो. आपण दहाच्या पायात लिहितो, तसा तो आतून २ चा ३० वा घात, म्हणजे १०७३७४१८२४ हा पाया धरून 'अंक' मांडतो. संख्या वाढली, की अंक वाढवतो. मेमरी पुरेल तिथवर मर्यादाच नाही. रुबीनं वेगळी युक्ती केली आहे. तिथे लहान पूर्णांकासाठी मेमरीत वेगळी जागा घेतच नाहीत. वस्तूचा पत्ता जिथे ठेवायचा तिथेच दुप्पट अधिक एक करून तो पूर्णांक ठेवतात. पत्ते नेहमी सम असतात, म्हणून शेवटचा बिट एक दिसला, की हा पत्ता नसून संख्या आहे हे रुबी ओळखते. सीच्या फंक्शनला त्यातला मूळ आकडा द्यायचा तर आधी हा वेष उतरवावा लागतो. नाही उतरवला, तर ५ च्या जागी ११ पोचतात.

जावास्क्रिप्टमध्ये सुरुवातीपासून सगळ्या साध्या संख्या डबल आहेत. मोठ्या पूर्णांकांसाठी 'बिगइंट' २०२०च्या मानकात आला. ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठात घडलेल्या लुआतही नेहमीच्या संख्या डबलच असत, २०१५मधल्या ५.३ आवृत्तीत ६४ बिटी पूर्णांक वेगळा झाला. टीसीएलनं तर एके काळी सगळं काही अक्षरांतच ठेवलं होतं. पर्लची मांडणी या सगळ्यांत विलक्षण. तिथल्या एकाच चलाला पूर्णांकाचा, दशांशाचा आणि मजकुराचा असे निरनिराळे कप्पे असू शकतात. कुठल्या कप्प्यातला माल ग्राह्य धरायचा हे सांगणाऱ्या खुणा सोबत असतात. काही वेळा दोन-दोन कप्पे एकाच वेळी ग्राह्य असतात.

आता यातली एखादी संख्या सीकडे न्यायची आहे. सीकडे मोजकेच साचे आहेत: इंट, लाँग, फ्लोट, डबल आणि त्यांचे भाऊबंद. त्या-त्या संगणकावर प्रत्येकाची रुंदी ठरलेली. सगळ्यात ओळखीचा साचा डबल. १९८५ च्या 'आयईईई ७५४' मानकानं त्याचं रूप पक्कं केलं आणि त्यामागचं मुख्य डोकं होतं विल्यम काहान यांचं. एक बिट चिन्हाला, अकरा घातांकाला, बावन्न अपूर्णांकाला. या रचनेमुळे डबल अतिसूक्ष्म आणि अतिप्रचंड दोन्ही संख्या पेलतो, साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात इथपर्यंत. पण सगळीकडे सारख्या दाटीनं नाही. १ च्या आसपास शेजारच्या दोन डबलमधलं अंतर साधारण २ गुणिले १० चा उणे १६ वा घात इतकं बारीक असतं. संख्या मोठी होत जाते तसं हे अंतर दुपटीदुपटीनं वाढतं. ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३ वा घात ओलांडला, की ते २ होतं. म्हणजे तिथून पुढे विषम पूर्णांक डबलमध्ये अस्तित्वातच नाहीत!

२०१० साली ट्विटरला हे नीटच जाणवलं. प्रत्येक ट्वीटला मिळणारा क्रमांक या हद्दीपलीकडे जाणार होता. जावास्क्रिप्टमध्ये वाचताना त्यातले शेवटचे आकडे बदलले असते आणि भलतंच ट्वीट उघडलं असतं. मग क्रमांकासोबत तोच क्रमांक मजकूर म्हणूनही पाठवायला सुरुवात झाली.

पायथनच्या 'मॅथ' मॉड्यूलमध्ये या एकाच प्रश्नाला तीन फंक्शन्स तीन तऱ्हांनी सामोरी जातात. हे तीन दाखले शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिलं, साधं वर्गमूळ. ते आलेला पूर्णांक डबलमध्ये बसवतं आणि सीच्या लायब्ररीला देतं. १० चा ४०० वा घात दिला, तर तो डबलमध्ये मावतच नाही. पायथन स्पष्ट सांगतो, की पूर्णांक फार मोठा आहे. हे ठीक झालं. पण १८०१४३९८५०९४८१९८३ ही संख्या द्या. ती मावते, मात्र तंतोतंत नाही; निवडला जाणारा डबल एकानं मोठा, २ चा ५४ वा घात आहे. त्याचं वर्गमूळ १३४२१७७२८ असं अगदी सफाईदार येतं. त्याचा वर्ग करा: मूळ संख्येपेक्षा एकानं जास्त. कुठेही चूक दाखवली गेली नाही, कुठेही इशारा नाही, आणि वर्गमूळाचा पूर्णांक भाग मात्र एकानं चुकला.

दुसरं, लॉगॅरिदम. इथे रॅपर लिहिणाऱ्यानं थांबून विचार केलेला दिसतो. १० चा १००० वा घात द्या, जो कुठल्याही डबलमध्ये बसणं शक्य नाही. तरी उत्तर येतं: २३०२.५८५ आणि पुढे. कारण संख्या मावत नाही असं दिसलं, की पायथन तिचे दोन भाग करतो: एक आटोपशीर अपूर्णांक आणि उरलेला दोनाचा घात. अपूर्णांकाचा लॉग सीकडून काढून घेतो आणि घात गुणिले दोनाचा लॉग त्यात मिळवतो. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, हे शाळेतलं सूत्र. त्याच्या जोरावर सीच्या लायब्ररीच्या आवाक्याबाहेरची संख्याही तिच्याकडूनच सोडवून घेतली जाते. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत देखणी ओळ वाटते.

तिसरं, २०१९च्या पायथन ३.८मध्ये आलेलं पूर्णांकी वर्गमूळ. ते डबलकडे जातच नाही. पूर्णांकांतच काम करतं आणि वरच्या त्याच सतरा आकडी संख्येला १३४२१७७२७ हे बरोबर उत्तर देतं. म्हणजे कधी नकार द्यायचा, कधी युक्तीनं पार न्यायचं आणि कधी वेस ओलांडायचीच नाही, हे ठरवणं हाच रॅपर लिहिण्याचा गाभा आहे.

पूर्णांकांच्या साच्यांची कथा आणखी वेगळी. सीमधल्या 'लाँग'ची रुंदी भाषेनं पक्की ठरवलेलीच नाही, फक्त किमान सांगितली आहे. ६४ बिटी लिनक्स आणि मॅकवर लाँग ६४ बिटांचा. ६४ बिटी विंडोजवर मात्र ३२ बिटांचा. प्रोसेसर तोच, सी तीच, कोड तोच आणि तरी साचा निम्मा. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ बसतात, म्हणजे २१४ कोटींच्या थोडं वर. भारतातला कुठलाही मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका आकड्यानं सुरू होतो आणि दहा आकडी असतो. म्हणजे एकही त्यात मावत नाही. नुसता ९८० कोटी हा आकडा घ्या. ९८०००००००० मधले वरचे बिट्स कापून खालचे ३२ ठेवले, की १२१००६५४०८ उरतात. उत्तरही दहा आकडीच! नजरेला काहीच खटकत नाही.

जीएमपी ही मोठ्या पूर्णांकांच्या गणिताची नावाजलेली लायब्ररी १९९१पासून आहे. पूर्णांक तिच्या स्वाधीन करायच्या एका नेहमीच्या फंक्शनला लाँग लागतो. पर्लचा पूर्णांक विंडोजवरही ६४ बिटांचा असू शकतो. रॅपर लिहिणाऱ्यानं तो सरळ त्या फंक्शनकडे सोपवला, तर लिनक्सवर सगळं सुरळीत चालतं आणि विंडोजवर वरचे बिट्स निमूट गळून पडतात. यावर जुना, खात्रीचा उपाय म्हणजे संख्या आकड्यांचा मजकूर म्हणून पाठवायची आणि जीएमपीनं ती वाचून घ्यायची. वेळ जास्त लागतो, पण मजकुराची रुंदी कुठल्याही संगणकावर कमी पडत नाही.

पायथनमधल्या 'न्यूमपाय' या आकडेमोडीच्या लायब्ररीनं वेगळाच मार्ग धरला. ६४ बिटी संगणकावर पायथनच्या एका दशांश संख्येला २४ बाइट लागतात, वर यादीत तिचा पत्ता ठेवायला ८. दहा लाख संख्या एकेक करून वेशीतून नेणं म्हणजे दहा लाखदा कागदपत्रं तपासणं. न्यूमपाय त्या सगळ्या संख्या सीला हव्या त्याच रूपात, प्रत्येकी ८ बाइटमध्ये, एकाला लागून एक ठेवतं. मग सीच्या फंक्शनला फक्त पहिलीचा पत्ता, एकूण किती आणि प्रकार कोणता एवढं सांगितलं, की झालं. पायथनमधलं मोठं गणित वेगवान होतं ते यामुळे.

या वेगाची किंमतही आहे. न्यूमपायच्या रांगेतला पूर्णांक सीचा पूर्णांक असतो, पायथनचा नव्हे. १ ते २१ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार साध्या पायथनमध्ये केला, तर ५१०९०९४२१७१७०९४४०००० येतो. न्यूमपायच्या ६४ बिटी रांगेत केला, तर उणे ४२४९२९००४९४१९२१४८४८ येतो. धन संख्यांचा गुणाकार ऋण! २० पर्यंत दोघांची उत्तरं जुळतात; एकविसाव्या पायरीला साचा भरून वाहतो. विंडोजवर तर न्यूमपायचा नेहमीचा पूर्णांक बरीच वर्षं ३२ बिटीच होता, लाँगच्या मागे गेल्यामुळे. तिथे तेराव्या पायरीलाच साचा भरून वाहायचा. जून २०२४मधल्या न्यूमपाय २.०नं तो ६४ बिटी केला.

आता दशांश संख्यांकडे येऊ. ०.१ ही संख्या डबलमध्ये कधीच तंतोतंत बसत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांश पद्धतीत बसत नाही. प्रोग्रॅममध्ये ०.१ लिहिलं, की मेमरीत जाते ती सर्वांत जवळची संख्या:

०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५

दशांशचिन्हापुढे पंचावन्न आकडे आणि ही संख्या अचूक आहे. मेमरीत नेमकी हीच असते. रोजच्या कामात तो सतराव्या आकड्यानंतरचा फरक कुणाला जाणवत नाही. पण 'एमपीएफआर' या लायब्ररीचं कामच हव्या तितक्या अचूकतेनं दशांश गणित करणं हे आहे. तिच्याकडून दोनशे बिट्सची अचूकता मागितली आणि तिला डबलमधून आलेलं ०.१ दिलं, तर ती इमानेइतबारे वरचे पंचावन्न आकडे जपते. चुकीचं ०.१ फार मोठ्या अचूकतेनं जपलं जातं. नुकसान तिच्याकडे पोचण्याआधीच, पायथननं किंवा पर्लनं ओळ वाचली त्या क्षणी झालेलं असतं.

विल्यम स्टाइन यांनी २००५मध्ये सुरू केलेल्या 'सेज' या गणिती प्रणालीनं यावर जे केलं ते फार विचारपूर्वक आहे. सेज वापरणाऱ्यानं लिहिलेली ओळ पायथनकडे जाण्याआधी सेज स्वतः वाचतं. तिथे ०.१ दिसलं, की त्याभोवती अवतरणचिन्हं घालून 'ही तीन चिन्हं जशीच्या तशी ठेव' असं नोंदवतं. पुढे कुणी दोनशे बिट्स मागितले, तर माणसानं टंकलेल्या मूळ चिन्हांपासून दोनशे बिट्सचं ०.१ नव्यानं काढलं जातं. तिथे २/३ हासुद्धा दशांश होत नाही, अपूर्णांकच राहतो. माणसाला काय म्हणायचं होतं हे यंत्रानं गोल करून टाकण्याआधी जपायचं, असा हा आग्रह.

पर्लमध्ये हाच प्रश्न कप्प्यांमुळे अधिक नाजूक होतो. कुणी '०.१' हा मजकूर चलात ठेवला. मजकूर शाबूत आहे, एमपीएफआरला तो दिला तर सगळं ठीक. पण मधल्या एखाद्या ओळीत त्या चलात शून्य मिळवून पाहिलं, बेरीज कुठे साठवलीही नाही, तरी त्याचा दशांशाचा कप्पा भरतो आणि तशी खूण लागते. आता रॅपर आधी 'ही संख्या आहे का' असं विचारत असेल, तर त्याला डबल मिळेल. आधी 'हा मजकूर आहे का' असं विचारत असेल, तर मूळ चिन्हं मिळतील. दोन प्रश्नांचा क्रम बदलला, की उत्तराचे अठराव्या स्थानापासूनचे आकडे बदलतात. चल मुळात संख्या म्हणून तयार झाला का, हे विचारायची सोय पर्लमध्ये २०२२च्या ५.३६ आवृत्तीत आली, यावरून हा प्रश्न किती खोल होता ते कळतं.

जाणं झालं, येणंही तितकंच जोखमीचं. सीनं उत्तराचे ६४ बिट्स दिले, ते माणसाला वाचता यावेत म्हणून दशांश आकड्यांत उतरवायचे. टीसीएलच्या जुन्या आवृत्त्यांत संख्या मजकूर म्हणूनच फिरत आणि नेमून दिलेली अचूकता फक्त सहा आकडी होती. एकाला तिनानं भागलं की ०.३३३३३३ आणि त्याला तिनानं गुणलं की ०.९९९९९९. कुठल्याही डबलसाठी सतरा आकडे लिहिले, तर वाचताना तोच डबल परत मिळतो, हे सिद्ध झालेलं आहे. पण सरसकट सतरा लिहिले, तर ०.१ च्या जागी ०.१०००००००००००००००१ दिसतं आणि नवखा माणूस गोंधळतो. पायथनचं वर्षानुवर्षं तसंच होतं. बेल लॅब्जमधल्या डेव्हिड गे यांनी १९९० साली यासाठीचा सी प्रोग्रॅम लिहिला: वाचल्यावर नेमका तोच डबल परत देईल अशी सर्वांत आखूड आकड्यांची ओळ शोधायची. २००९च्या पायथन ३.१नं तो स्वीकारला आणि ०.१ पुन्हा ०.१ दिसू लागलं. टीसीएलनंही ८.५ आवृत्तीत आखूड पण पूर्ण ओळीचा रस्ता धरला.

उत्तरच नसेल तर? उणे एकाचं वर्गमूळ सीकडे मागितलं, तर ती 'नॅन' नावाचा खास डबल परत देते, म्हणजे 'ही संख्या नव्हे' असं सांगणारी संख्या. तो पुढच्या प्रत्येक गणितात मिसळत जातो. पायथनचं मॅथ मॉड्यूल तो वेशीवरच अडवून चूक जाहीर करतं. न्यूमपाय इशारा देऊन नॅन पुढे जाऊ देतं, कारण दहा लाखांतल्या एका संख्येसाठी बाकीचं काम थांबवणं परवडत नाही. संमिश्र संख्यांचं मॉड्यूल सरळ १ गुणिले आय असं काल्पनिक उत्तर देतं. एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरं आणि तिन्ही आपापल्या जागी योग्य.

मराठी वाचकाला स्वतः करून पाहता येईल असा एक प्रयोग इथे सांगतो. पायथनमध्ये इंट('१२३') असं, देवनागरी आकडे घालून लिहा. उत्तर येतं: एकशे तेवीस. फ्लोट('३.५') लिहा, साडेतीन मिळतात. सीच्या नेहमीच्या आकडे वाचणाऱ्या फंक्शनला हाच मजकूर दिला, तर ते पहिल्याच अक्षराला थांबतं आणि शून्य देतं. यूटीएफ-८ मध्ये '१' हे तीन बाइटांचं चिन्ह आहे आणि त्यातला एकही सीला अंक वाटत नाही. जावास्क्रिप्ट नॅन देतं. पर्लची नमुना शोधणारी यंत्रणा '१' हा अंक आहे हे मान्य करते, पण बेरजेला बसताना त्याला शून्य धरते. पायथनमध्ये मात्र मजकूर आकडेवाचनाकडे जाण्याआधी एक छोटं फंक्शन मधे बसवलेलं आहे. युनिकोडनं दशांश अंक म्हणून नोंदलेलं कुठल्याही लिपीतलं चिन्ह ते इंग्रजी अंकात बदलतं आणि मगच पुढे सोडतं. प्रोसेसरला याची काही गरज नव्हती. आपल्याकडचा आकडाही आकडाच आहे, हे कुणीतरी ठरवलं आणि वेशीवर ते अंमलात आणलं.

या सगळ्यातून एक गोष्ट मला ठामपणे म्हणावीशी वाटते. गणिताची लायब्ररी लिहिणाऱ्यांचं नाव होतं, भाषा घडवणाऱ्यांचं नाव होतं; पण शास्त्रज्ञाच्या हातात पडणारा आकडा खरा असेल की नाही, हे बऱ्याचदा मधला रॅपर ठरवतो. वेगवान रॅपर चांगला, सोपा रॅपर चांगला. पण त्याची पहिली जबाबदारी ही, की संख्या बदलणार असेल तर ती न कळवता बदलू नये. म्हणून नवी लायब्ररी हाती आली, की खऱ्या कामाला लावण्याआधी तिला मुद्दाम अडचणीत टाका. २ च्या ५३ व्या घातात एक मिळवून द्या. १० चा ४०० वा घात द्या. ०.१ एकदा संख्या म्हणून आणि एकदा मजकूर म्हणून द्या. आलेलं उत्तर छापून, तेच पुन्हा वाचून मूळ उत्तराशी ताडून पाहा. त्यात ती कुठे स्पष्टपणे अडली, तर बिनदिक्कत वापरा. सगळ्याला हसतमुखानं हो म्हणाली, तर मात्र प्रत्येक उत्तर तपासून घ्या.